पाडव्याला आत बसायला लावतात, तर माहेरी जायचं का?

पत्र

काकू, मी संभाजीनगरला असते. वाळूजच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, बजाजनगरात एक खोली-किचन भाड्यानं घेतलंय. मुलगा अडीच वर्षांचा. दीड वर्ष झालं नवऱ्यापासून वेगळी राहते. घटस्फोटाची केस चालू आहे, त्याच्याकडून एक रुपया येत नाही. माहेर औसा तालुक्यातलं.

दिवाळी जवळ आली की पोटात गोळा येतो. पाळणाघर वसुबारसेपासून बंद, आम्हाला सुट्टी मात्र लक्ष्मीपूजनापासून. मधले दिवस लेकराला कुठं ठेवू? आणि सुट्टी लागली की आमची बिल्डिंग रिकामी होते, सगळे गावाकडं जातात. आई म्हणते, "ये की बाई, पण पाडव्याच्या दिशी जरा आतच बस. लोकं नावं ठेवतेत." मागच्या वर्षी गेले होते. बाहेर भावजय भावाला ओवाळत होती आणि मी मुलाला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसले होते. यंदा जायची इच्छाच नाही. पण आजी-आजोबा नाहीत, मामा नाही, अशी दिवाळी मी त्याला द्यायची का? परवा रात्री तो झोपेना म्हणून मी त्याला मारलं. मग त्याच्यापेक्षा जास्त मीच रडले. मी स्वार्थी आहे का?

उत्तर

नाही, तू स्वार्थी नाहीस. आणि यंदा पाडव्याला गावी जाऊ नकोस.

तुझी आई वाईट बाई नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तिला त्याच गल्लीत राहायचंय, त्याच बायकांसोबत रोज उठायचं-बसायचंय. लेक नांदत नाही म्हणून कुणी टोचून बोललं की ते ऐकून घ्यायला तीच तिथं असते. तिचा जीव घाबरतो आणि म्हणून ती तुला आत बसवते. पण तिच्या भीतीची किंमत तू आतल्या खोलीत बसून का मोजायची? तू कुणाचं काय घेतलंयस? कमावतेस, लेकरू सांभाळतेस, भाडं भरतेस. आणि आता तो अडीच वर्षांचा आहे म्हणून ठीक. आणखी एक-दोन दिवाळ्या गेल्या की त्याला दिसायला लागेल की सण आला की आपल्या आईला आत बसवतात. हे त्याच्या नजरेला पडायला नको, असं मला फार मनापासून वाटतं.

आईशी भांडू नकोस, अबोलाही धरू नकोस. फोनवर एकदाच, शांतपणे सांग: "माय, मी येते तर सगळ्यांसमोर येते. आत बसायचं असलं तर मी येत नाही. राग नाही माझा. भाऊबीजेला दादाला इकडं पाठव, आणि तूही त्याच्यासंगं ये." ती रडेल, "असं कसं गं" म्हणेल. तू तेच वाक्य पुन्हा म्हण. जास्त समजावायला जाऊ नकोस, समजावण्यात आपलंच मन पातळ होतं.

भाऊबीजेचं मी मुद्दाम सांगतेय. यम यमुनेच्या घरी जेवायला गेला ती ही द्वितीया. म्हणजे मुळात भावानं बहिणीच्या घरी जायचा हा दिवस. लेकी माहेरी येतात ती पुढं पडलेली सवय. तेव्हा दादाला हक्कानं बोलाव. सोयाबीनची रास झाली असेल तर त्याला एक दिवस काढता येईल. नसेल झाली तर पुढच्या रविवारी येऊ दे, ओवाळणी तेव्हा कर. लेकराला मामाही भेटेल, आजीही भेटेल, आणि तुझ्या घरात भेटेल. तुझ्या आईनं तुझं घर पाहिलंय का, हे पत्रात नाही. पाहिलं नसेल तर तिनं ते बघायलाच हवं. भाड्याची का असेना, तू चालवतेस ती खोली तिनं डोळ्यांनी पाहिली की गावातल्या बोलण्याला उत्तर द्यायला तिलाही थोडं बळ येईल.

आता मधले दिवस. पाळणाघरवालीवर राग धरू नकोस, तिच्याही घरी दिवाळी आहे. पण तिच्याकडं लेकरं ठेवणाऱ्या दुसऱ्या आयांचीही अडचण हीच असणार. उद्या मुलाला सोडायला गेलीस की दोघी-तिघींना तिथंच गाठ. एकीनं वसुबारसेला रजा टाकायची आणि दोन-तीन लेकरं आपल्या घरी बघायची, धनत्रयोदशीला दुसरीनं. म्हणजे प्रत्येकीची एकच रजा जाते. लेकरंही रोजच्याच सवंगड्यांत राहतात, अनोळखी घरी ठेवल्यासारखी रडत नाहीत. रजेचा अर्ज याच आठवड्यात लेखी दे. दिवाळीच्या तोंडावर अकाउंट्सला बोनसचं काम असतं, ऐनवेळी मागितलीस तर नाहीच म्हणतील.

आणि एक बोलून ठेवते. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं, असं त्यात आलं. तुमची कंपनी तेवढी असेल आणि सोय नसेल तर हे एकटीनं बोलू नकोस. लहान लेकरांच्या चार-पाच जणी मिळून एचआरला लेखी द्या. या दिवाळीत त्याचा उपयोग होणार नाही. पण उन्हाळ्यात पाळणाघर पुन्हा बंद राहिलं तर होईल.

उरले सुट्टीचे दिवस, रिकामी बिल्डिंग आणि तुम्ही दोघं. तुला खरी भीती याचीच आहे, असं मला पत्र वाचताना वाटलं.

अडीच वर्षांच्या लेकराला मामा किती, पाहुणे किती हे मोजता येत नाही. अंगाला कोमट तेल चोळलेलं कळतं. उटण्याचा वास कळतो. ओल्या गेरूत बोटं बुडवून पणती लाल करायला दिली तर तो अर्धा तास हलणार नाही. फरशी लाल होईल, होऊ दे. घमेलंभर माती आणि तांब्याभर पाणी दे, किल्ला होवो न होवो. चतुर्दशीला पहाटे उठवायचा अट्टहास करू नकोस. तो सातला उठला तर सातला अभ्यंगस्नान. पाटावर बसव, ओवाळ, टाळ्या वाजव. आणि पाडव्याला ताम्हन कपाटात ठेवायचं नाही. पुष्कळ घरांत लेकी त्या दिवशी बापाला ओवाळतात. तू लेकराला ओवाळ, आणि जमलं तर व्हिडिओ कॉलवर तुझ्या वडिलांना.

चकल्या, करंज्या घरी करू नकोस. एका खोलीत गॅसवर उकळतं तेल आणि पायात लुडबुडणारं पोर, बघायला दुसरं कुणी नाही. मला नुसत्या विचारानं धस्स होतं. बचत गटाच्या बायका किलोवर फराळ देतात, त्यांच्याकडून घे. त्यांचीही दिवाळी होते. चिवडा त्याला देताना शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून काढ. या वयात अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. फुलबाजी त्याच्या हातात देऊ नकोस, तू धर, त्यानं लांबून बघावं. विझलेली तारसुद्धा लगेच पाण्याच्या बादलीत टाक, अनवाणी पाय तिच्यावरच पडतात. भाजलंच तर टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर आणि डॉक्टर गाठ. सुट्टीत कुठला दवाखाना उघडा असतो ते आधीच विचारून ठेव.

दिवसाची दोन टोकं घराबाहेर काढ. सकाळी सिटी बसनं सिद्धार्थ उद्यान, सुट्टीतल्या वेळा आधी विचारून. त्याला बसची खिडकी वाघाइतकीच आवडेल. गुलमंडीची खरेदी करायची तर सकाळी दुकानं उघडताना. संध्याकाळच्या गर्दीत कडेवर पोर आणि हातात पिशव्या घेऊन जाऊच नकोस. दुपारी त्याच्यासोबत तूही झोप. भांडी राहू देत. तुझी झोप हे त्या पाच दिवसांतलं पहिलं काम, फराळ, झाडझूड, रांगोळी त्याच्यामागं.

आणि माणसं शोध. बिल्डिंग रिकामी होते म्हणतेस, पण सगळं शहर गावाला जात नाही. दवाखान्यातल्या सिस्टर, पोलिसांची घरं, वॉचमनचं कुटुंब, पेट्रोल पंपावरची माणसं, यांना दिवाळीत ड्युटी असते. त्यांतलं एखादं घर तुझ्या ओळखीत असेलच. लक्ष्मीपूजनाला त्यांना जेवायला बोलाव. साधं वरण-भात, एक भाजी आणि विकतचं श्रीखंड. मदत मागताना मोघम मागू नकोस. "कधीतरी बघा याला" म्हटलं की कुणीच बघत नाही. "काकू, उद्या अकरा ते बारा याला तुमच्याकडं ठेवू का, मला अंघोळ आणि किराणा करायचाय" असं म्हटलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. त्या तासात किराण्याआधी दहा मिनिटं नुसती बस.

मारलंस त्याबद्दल. हे तू लिहिलंस, लपवलं नाहीस, त्याची मला कदर आहे. दिवसभर काम, मग प्रवास, मग स्वयंपाक, आणि रात्री अकराला टक्क जागं लेकरू. हात उठला. तरी ते बरोबर नव्हतं, हेही तुला कळतंय. या वयात त्याला स्वतःला आवरता येत नाही. बाहेर फटाके वाजू लागले, पाळणाघर बंद झालं, रोजचा क्रम मोडला की तो आणखी चिडचिडा होणार, हे आताच धरून चाल. राग डोक्यात गेला तर त्याला खाली गादीवर ठेव, दाराला कडी आहे आणि गॅस बंद आहे बघ, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मार. तो दोन मिनिटं रडेल, रडू दे. हात उठलाच तर नंतर जवळ घेऊन म्हण, "आईचं चुकलं. मारायचं नसतं." त्याला कळतं. पण हे वरचेवर व्हायला लागलं, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आताच मोबाइलमध्ये टाकून ठेव.

"बाबा कुठंय" असं तो विचारू लागला असेल किंवा लवकरच विचारेल. सणात तर नक्की, शेजारच्या पोरांचे बाप फटाके उडवताना बघून. "बाबा दुसरीकडं राहतात. तू आणि मी इथं राहतो." एवढंच सांग. कामाला गेलेत, येतील, असं खोटं सांगू नकोस. तो दाराकडं बघत बसेल.

पैशाचं तू एका ओळीत उरकलंस, मी तसं करणार नाही. केस चालू असतानाच अंतरिम पोटगी मागता येते, तुझ्यासाठी आणि मुलासाठीही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्जाला उशीर केलास तर नुकसान तुझं. वकिलानं अर्ज दिलाय का, तारीख काय, विचार. वकील परवडत नसेल तर अदालत रोडवर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असली तरी. दिवाळीत कोर्टाला सुट्टी लागते, त्याआधी जाऊन ये. आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी कर. एकल पालकांच्या मुलांसाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. तुझी केस अजून चालू आहे, तेव्हा कुठले कागद लागतील ते तिथंच नीट विचारून घे. यात लाज वाटून घ्यायचं काही नाही, ते लेकराच्या हक्काचं आहे.

राहिलं गाव. ते तोडायचं नाही. लेकराला आजोबांचं शेत दिसलंच पाहिजे, फक्त त्यासाठी पाडवाच कशाला? तू औशाकडची, तुला येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, मडक्यातली आंबील, आणि येईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायची रीत. तिथं आतली खोलीच नसते. कुणी खोचक विचारलंच तर "चाललंय बरं" म्हणून आंबिलीचा पेला पुढं कर. लेकरू दिवसभर हरभऱ्याच्या रानात पळेल. एसटीला तुला अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही. आदल्या दिवशी निघ, सहा-सात तासांचा रस्ता आहे, त्याला रात्रीचा करू नकोस. रजा मात्र दिवाळीच्या रजेसोबतच मागून ठेव, संभाजीनगरच्या कंपन्यांना येळवसची सुट्टी नसते.

तुझी,
काकू