हात थरथरतात, तरी पिस्तूल घेऊ का?

प्रश्न: नमस्कार सर, मी ४६ वर्षांची, एकटीच राहते. मागच्या महिन्यात रात्री कुणीतरी मागचं दार उचकटायला बघत होतं, मी लाइट लावल्यावर पळालं. तेव्हापासून भाऊ मागे लागलाय की लायसन्स काढ आणि घरात एक पिस्तूल ठेव. पण मला गार्डच्या खांद्यावर बंदूक दिसली तरी मी रस्ता बदलते, लहानपणी कानाजवळ बार झाला होता तो अजून डोक्यात आहे. ही भीती जाईल का? आणि मुळात जायला हवी का?

उत्तर: ताई, तो शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण खरी गोम तिथेच आहे.

तुमच्यात दोन वेगवेगळ्या भीती आहेत. एक आवाजाची. बंदुकीचा बार साधारण १४० डेसिबलच्या वर जातो, तेवढ्या एका आवाजानेही कान कायमचा दुखावू शकतो, म्हणजे तुम्ही दचकता ते काही वेडेपणाने नाही. ही भीती हळूहळू जाते. शूटिंग रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला, डोळ्यांना चष्मा. पहिल्या दिवशी गोळी झाडूच नका, इन्स्ट्रक्टरला रिकामं पिस्तूल उघडून दाखवायला सांगा. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं बरं का, एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, असू शकते, ती आहे का हे डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं. कितीतरी अपघात नेमके इथेच होतात. मग छोट्या गोळीचं पॉइंट टू-टू पिस्तूल, त्याचा झटका अगदी कमी असतो, आणि सुरुवातीला एकच गोळी भरून. माझ्या इन्स्ट्रक्टरने मला न सांगता मध्येच डमी काडतूस भरलं होतं, बार झालाच नाही पण माझी नळी मात्र झपकन खाली गेली, सगळ्यांसमोर. आवाज यायच्या आधीच मी दचकत होतो हे मला तेव्हा कळलं!

दुसरी भीती म्हणजे माझ्या हातून कुणाला लागलं तर? ती घालवू नका. जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाचे चार नियम जगभर शिकवतात, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. हे सगळं त्याच भीतीतून आलंय.

आता भावाचं म्हणणं. १९८३ साली डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलिसाने मोजून दाखवलं की माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्हणजे तेवढ्याच वेळात झोपेतून उठायचं, लॉकर उघडायचं, अंधारात समोर चोर आहे की न सांगता आलेला भाऊच आहे हे ओळखायचं, आणि तेही हात थरथरत असताना. लॉकरमध्ये ठेवलं तर हाताशी नाही आणि उशीखाली ठेवलं तर घरात येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या हाताशी, यातून सुटका नाही. मी स्वतः लॉकरवालाच. आणि एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका, तुम्हाला किंवा घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला डिप्रेशन किंवा दारूचा त्रास असेल तर पिस्तूल घरात नकोच. मन खचलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक असली की सावरायला दुसरी संधी मिळणं फार अवघड होतं.

म्हणून आधी मागचं दार. मजबूत कडी, आत जाड अडसर, बाहेर सेन्सरचा दिवा, आणि झोपायच्या खोलीला आतून कुलूप म्हणजे फोन करायला वेळ मिळेल. रेंजवर मात्र जाच, पाच-सहा वेळा, घ्यायचं नसलं तरी. लायसन्सचा फॉर्म त्यानंतर, आणि कायदा स्वसंरक्षण कशाला म्हणतो ते वकिलाकडून नीट समजून घेऊन. भावालाही सोबत न्या, त्याने आजवर एक तरी गोळी झाडलीय का ते विचारा.