पगार वाढला, शिल्लक का वाढत नाही?

झोप लागत नाही म्हणून एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. वय चाळिशीच्या आत, नोकरी पक्की, पत्नीही कमावती, दोन मुलं. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता खरी चिंता बाहेर आली. "मॅडम, नोकरीला लागलो तेव्हापेक्षा पगार दुपटीहून जास्त झालाय, पण महिना संपायच्या आत खातं कोरडं. माझ्यात शिस्तच नाही हो."

शिस्त नाही, हे निदान लोक स्वतःच करून येतात. मी त्यावर चटकन विश्वास ठेवत नाही. त्यांना पगाराची पावती आणायला सांगितली. निवृत्तीसाठीची कपात नोकरी लागल्यापासून एकदाही चुकलेली नव्हती.

"ही बचत नाही का?"

"ती आपोआप कापली जाते. ती मी धरतच नाही."

म्हणजे जिथे दर महिन्याला मनाशी झगडावं लागत नव्हतं, तिथे याच बेशिस्त माणसाची बचत बिनबोभाट चालू होती. आणि 'महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू' असं जिथे ठरवलं होतं, तिथे काही उरत नव्हतं. त्यात नवल नाही. हातात असलेला पैसा खर्चाला वाट काढून देतोच. आजची गरज डोळ्यांसमोर असते. वीस वर्षांनंतरचे आपण मात्र आपल्यालाच परके वाटतो.

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी अशा वेळी सांगते. एका कंपनीतल्या ज्या कर्मचाऱ्यांनी 'आजपासून जास्त बचत करा' हा सल्ला नाकारला, त्यांच्यापुढे एक वेगळा पर्याय ठेवला गेला. पुढची पगारवाढ झाली की तिच्यातला भाग बचतीकडे वळवू का, एवढाच होकार आधी घेतला. हातात येणारी रक्कम कमी होत नसल्यामुळे कोणाला टोचलं नाही. ४० महिन्यांत या मंडळींची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हवं तेव्हा बाहेर पडायची मोकळीक होती, तरी बहुतेक जण टिकले.

पुढच्या भेटीला पत्नीही आल्या. मी त्यांना रोजच्या खर्चाची वही लिहायला सांगितलं नाही. ती वही आठवडाभरात बंद पडते आणि वर अपराधी वाटतं. त्याऐवजी गेल्या बारा महिन्यांचे बँकेचे उतारे घेऊन बसलो. दोघांची समजूत अशी होती की पैसे बाहेरच्या खाण्यात आणि किरकोळ खरेदीत जातात. घरातली भांडणंही त्यावरूनच. उताऱ्यात वेगळंच दिसलं. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, घरातली एखादी वस्तू बिघडणं, कोणाचं तरी लग्न. दरवेळी 'या महिन्यात जरा अचानक आलं' म्हणून क्रेडिट कार्डावर टाकलेलं. पण वर्षाचा हिशेब समोर ठेवल्यावर अचानक असं त्यात फारच थोडं होतं. बेरीज करून बाराने भागलं आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात वळवायचं ठरलं.

कार्डाची थकबाकी आधी फेडायला लावली. महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण न फेडलेली रक्कम त्या दराने दोन वर्षांत दुप्पट होते. असं कर्ज डोक्यावर असताना ठेवीत पैसे टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. हाताशी थोडी गंगाजळी मात्र ठेवावी, नाहीतर पुढची अडचण पुन्हा कार्डावरच जाते.

मग एक नाजूक विषय निघाला. धाकट्या भावाला ते दर दोन-तीन महिन्यांनी पैसे देत, पत्नीला न सांगता. नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं आणि मी तसा आग्रहही धरला नाही. एवढंच ठरवलं की मदतीची वर्षाची रक्कम दोघांनी मिळून आधी ठरवायची, आणि ती संपली की 'यंदा जमणार नाही' हे पत्नीच्या नावावर न ढकलता स्वतः सांगायचं. माझ्या मते पैशाच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी खरं तर अशा न झालेल्या बोलण्याच्या असतात.

बाकीचे उपाय साधे होते. पगार जमा होईल त्याच दिवशी बचतीची रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला देणं. सुरुवात २ टक्क्यांनीच, पगारवाढीला त्यात भर. फोनमध्ये साठवलेला कार्डाचा नंबर काढून टाकणं. मोठी वस्तू आवडली तर दोन दिवस थांबणं. निम्म्या वेळा ती इच्छा विरून जाते, असं पत्नीच नंतर सांगत होत्या.

इथे एक सांगायला हवं. ज्यांची कमाई भाडं, अन्न आणि औषधांतच संपते, त्यांना हे उपाय ऐकवू नयेत. त्यांचा प्रश्न सवयीचा नसतो, मिळकतीचा असतो.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले, चेहरा पडलेला. गाडीचं मोठं काम निघालं आणि वेगळ्या खात्यातली जवळपास सगळी शिल्लक गेली. "पुन्हा शून्यावर आलो, मॅडम."

"या वेळी कार्ड वापरलंत?"

"नाही."

"भावाकडून, मित्राकडून उसने घेतलेत?"

"नाही, गरजच पडली नाही."

मी त्यांना पुढच्या पगाराची तारीख विचारली आणि बँकेला दिलेली सूचना चालू आहे ना, ते फोनवर बघायला सांगितलं. चालू होती.