सावलीवरून आतला आकार: किती बाजूंनी पाहावं लागतं?

तुम्ही विचारलंय की एक्स-रे म्हणजे नुसती सावली, मग सीटी स्कॅनमध्ये तिच्यावरून आतला काप कसा दिसतो, आणि किती बाजूंनी पाहिलं की आकार नक्की ठरतो? मी परभणी जिल्ह्यात गणित शिकवतो. हा विषय शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर आधी कपाशीचं रान काढतो.

आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावायचे, म्हणजे दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून, की कोळपं (तण काढायचं अवजार) उभंही चालतं आणि आडवंही. सरकी उगवली की आठ-दहा दिवसांत नांग्या, म्हणजे बी न उगवल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा, भरायच्या. समजा मी बांधावरून फिरून प्रत्येक उभ्या आणि प्रत्येक आडव्या ओळीत किती नांग्या, एवढेच आकडे लिहून आणले. त्यावरून घरी बसलेल्या आमच्या आबांना नेमक्या जागा कळतील का? नाही कळणार. लगतच्या चार जागा घ्या. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत रोपं, उरलेल्या दोनांत नांग्या. आता रोपांच्या जागी नांग्या आणि नांग्यांच्या जागी रोपं करा. उभे-आडवे आकडे तेच राहतात! तिरकं पाहिलं तरच फरक सापडतो, कारण एका मांडणीत दोन्ही नांग्या त्या तिरक्या रेषेत येतात, दुसरीत येत नाहीत.

एक्स-रे हेच करतो. पदार्थाचा प्रत्येक सारखा थर किरणांचा सारखाच वाटा अडवतो. एका थरातून निम्मे पार झाले तर दोन थरांतून पाव होतील. हा गुणाकार आहे, म्हणून लॉगॅरिदम (गुणाकाराची बेरीज करून देणारी क्रिया) घ्यायचा, की वाटेत लागलेल्या सगळ्या घनतेची बेरीज हाती येते. कोणती घनता वाटेत कुठे होती, ते त्या बेरजेत हरवलेलं असतं.

प्रतलातल्या सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर मूळ चित्र परत मिळवता येतं, हे गणितज्ञ योहान राडोन यांनी 1917 मध्ये सिद्ध केलं. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी हे गणित स्वतंत्रपणे सोडवून 1963-64 मध्ये छापलं. इंग्रज अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा काप टिपला. 180 कोनांतून प्रत्येकी 160 मोजमापं, म्हणजे 28,800 बेरजा, आणि त्यांवरून 80 गुणिले 80 चौकटींतल्या 6,400 अज्ञात संख्या काढायच्या. नांग्यांचंच गणित, फक्त रान मोठं.

प्रत्येक सावली आली त्या दिशेने परत कागदावर पसरली आणि सगळ्यांची बेरीज केली, तर चित्र उमटतं खरं, पण धूसर. ते टाळायला पसरण्याआधीच सावलीवर अशी प्रक्रिया करतात की तिच्या कडा ठळक व्हाव्यात. त्यासाठीची सुटसुटीत पद्धत जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी 1971 मध्ये दिली, आणि त्यांच्या नावाचा फिल्टर, म्हणजे हीच प्रक्रिया, आजही शिकवला जातो. मुलांना हे सांगताना मला फार आनंद होतो.

आता किती बाजू? आत काहीही असू शकतं असं धरलं तर मोजक्या दिशा कधीच पुरत नाहीत. त्या सगळ्यांतून लपून राहील असं काहीतरी नेहमी रचता येतं. म्हणून स्कॅनर शेकडो कोन घेतो, म्हणजे लपलंच तर फार बारीक काही लपेल. पण आकार एकजिनसी आहे आणि कुठेही आत दबलेला नाही, म्हणजे बहिर्वक्र आहे, एवढं आधीच ठाऊक असेल तर? हा प्रश्न गणितज्ञ हॅमर यांचा, 1963 मध्ये छापलेला. 1980 मध्ये गार्डनर आणि मॅकमलेन यांनी उत्तर दिलं: नीट निवडलेल्या चार दिशा पुरतात. मला हे उत्तर अजूनही थक्क करतं.

तीन मात्र पुरत नाहीत. कागदावर दोन सारखे समभुज त्रिकोण एकाच केंद्रावर उलटसुलट ठेवा, सहा टोकांची चांदणी होईल. शेजारशेजारची टोकं जोडणाऱ्या तीन दिशांतून पाहा, दोन्ही त्रिकोणांच्या सावल्या तंतोतंत सारख्या येतात.

आणि ‘नीट निवडलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. सहज सुचणाऱ्या, 45-45 अंशांवरच्या चार दिशा घेतल्या तर फसायला होतं. दोन सारखे चौरस एकाच केंद्रावर, एक दुसऱ्यापेक्षा 45 अंश फिरवलेला. पुन्हा शेजारची टोकं जोडणाऱ्या दिशा घ्या. त्या चारच निघतात, आणि चारहींतून दोन्ही चौरस सारखेच दिसतात. का, ते हवं असेल तर चांदणीच्या दोन शेजारच्या टोकांच्या बरोबर मधून, त्यांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात, एक आरसा धरा. एक चौरस उलटून दुसरा होतो, पण त्या दिशेने मोजलेली एकही लांबी बदलत नाही.