डबल म्हणजे नक्की किती? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी मेलमध्ये ‘माय रेंट इज डबल दॅन हिज’ लिहिलं, सरांनी लाल केलं. काय चुकलं?

तो ‘दॅन’ चुकला. आपण दिवसभर ‘त्याच्यापेक्षा डबल’ म्हणतो ना, त्या ‘पेक्षा’चाच हा ‘दॅन’ झालाय. इंग्रजीत दॅनच्या आधी मोर, लेस, बिगर असलं काहीतरी लागतं, डबलला तो चालत नाही. ‘माय रेंट इज डबल हिज’ एवढंच म्हणायचं, ऐकायला अर्धवट वाटतं पण बरोबर आहे, आणि फारच खटकत असेल तर सरळ ‘ट्वाइस अ‍ॅज मच अ‍ॅज हिज’ लिहून मोकळं व्हा. ‘डबल ऑफ’ पण नको, तेही आपल्याकडे सर्रास चालतं. आणि हो, दुप्पट किंमत म्हणायचं असेल तर ‘द’ नंतर येतो: ‘डबल द प्राइस’.

प्रश्न: भाव 200 टक्क्यांनी वाढला म्हणजे डबलच ना?

नाही हो, तिप्पट! 40 रुपये किलोचा टोमॅटो 80 झाला की 100 टक्के वाढ, हा झाला डबल. 200 टक्के वाढायला तो 120 व्हायला हवा. बातम्या लिहिणारेसुद्धा इथे गडबडतात, म्हणून मी तर टक्के सोडून आधी जुना भाव किती होता ते बघते. ‘टूफोल्ड’ म्हणजे मात्र दुप्पटच, त्यात काही लपवाछपवी नाही.

प्रश्न: मग ‘रिडबल’ म्हणजे चौपट का?

पत्त्यांच्या ब्रिजमध्ये हो. समोरच्याने डबल म्हटलं, त्यावर आपण रिडबल केलं आणि बोली पुरी झाली, तर त्या हातांचे पॉइंट चौपट धरतात. पण ‘रिडबल अवर एफर्ट्स’मध्ये कसलंही गणित नाही, फक्त आणखी जोर लावा एवढंच. ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द दिसला की टार्गेट हुकलंय असं खुशाल समजा.

प्रश्न: अमेरिकेतल्या क्लायंटला नंबर सांगताना ‘डबल फाइव्ह’ म्हटलं तर तो गोंधळला.

ही सवय इंग्लंडची, तिथून आपल्याकडे आली. अमेरिकेत ‘फाइव्ह फाइव्ह’ म्हणतात, तसंच सांगा.

प्रश्न: हॉटेलवाला म्हणाला, ‘यू विल हॅव टू डबल अप.’ पैसे डबल मागतोय का?

नाही, रूम कमी आहेत, दोघादोघांनी एकेका खोलीत रहा म्हणतोय. पैशाचं वेगळं विचारून घ्या.