मेढ्याच्या पावसात बाथरूमसाठी डीह्युमिडिफायर घ्यायचा तर कोणता घ्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मेढ्याजवळ घर, ५ बाय ७ फुटाचं बाथरूम, एकच छोटी झडपेची खिडकी आणि तीही पावसात बंदच, छतावर काळे ठिपके, टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ऑनलाईन ३ हजारांत मिळणारा, दिवसाला ७५० मिलि पाणी ओढतो असं लिहिलेला छोटा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घ्यावा का. नका घेऊ. मी साताऱ्यात फ्रीज-एसीची कामं करतो, पावसाळ्यात बामणोलीपासून महाबळेश्वरपर्यंत होमस्टेवाल्यांचे फोन चालूच असतात, आणि तसली छोटी मशीनं बऱ्याच ठिकाणी कपाटावर धूळ खात पडलेली दिसतात.

कारण असं की त्यात कॉम्प्रेसरच नसतो. पेल्टियर नावाची एक चपटी चिप असते, करंट दिला की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, गार बाजूवर हवेतलं पाणी जमून खाली टाकीत पडतं. बंद कपाट, कॅमेऱ्याचं कपाट, बुटांचा कप्पा इथे ठीक आहे. पण ते ७५० मिलि ३० डिग्री तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. तुमच्याकडे जुलैत घरात ३० डिग्री कधी असतं का? २०-२२ ला ही चिप रडतखडत थोडंसं पाणी काढणार आणि तुमची एका माणसाची अंघोळ त्याच्यापेक्षा जास्त पाणी आत ओतणार.

जरा हिशोब करू. तुमचं बाथरूम साधारण ९ घनमीटरचं. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर हवा ३० डिग्रीला पूर्ण वाफेने भरली तरी एका घनमीटरला ३० ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे सगळ्या बाथरूमच्या हवेत मिळून पाव लिटरच्या थोडंसं वर. बस्स. मग एवढी ओल येते कुठून? फरशीवरून, टाइल्सवरून, बादलीच्या बुडाखालून आणि दारामागे लटकलेल्या टॉवेलातून. ते पाणी दिवसभर सावकाश हवेत येत राहतं आणि छत गार असलं की तिथे जाऊन घाम धरतं. म्हणून पहिली खरेदी १५०-२०० रुपयांचा वायपर, अंघोळ झाली की भिंती वरून खाली ओढायच्या, फरशीचं पाणी जाळीत ढकलायचं, टॉवेल बाहेर काढायचा. ऐकायला फालतू वाटेल, पण कुठलंही मशीन एका तासात जेवढं पाणी काढेल त्याहून जास्त तुम्ही दोन मिनिटांत काढता, फुकटात.

दुसरी खरेदी एक्झॉस्ट फॅन. ६ इंची साधा फॅनसुद्धा कागदावर तासाला २०० घनमीटरच्या आसपास हवा फेकतो, प्रत्यक्षात निम्मी धरली तरी तुमच्या ९ घनमीटरला भरपूर झाली. फक्त हवा बाहेर जायची तर आत यायलाही पाहिजे ना. पुष्कळ घरांत दाराला खाली रबर पट्टी मारून फट बंद केलेली असते आणि मग लोक म्हणतात फॅन नुसता आवाज करतो. दाराखाली बोटभर फट ठेवा नाहीतर जाळीची पट्टी बसवून घ्या. फॅनला बाहेरून झापड हवी आणि वर पत्र्याचा छोटा छज्जा हवा, कारण आपल्याकडे पाऊस वरून पडतच नाही, पश्चिमेकडून आडवा मारतो. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरा-दुकानांना गवताच्या झडी बांधतात ते काय शोभेला नाही. अंघोळीनंतर वीसेक मिनिटं तरी फॅन चालू राहू द्या, बाहेर पडताना हात आपोआप बटण बंद करायला जातो, म्हणून फॅनला टायमर लावून टाका.

आता तुम्ही म्हणाल बाहेरच एवढं ढग-धुकं आहे तर एक्झॉस्ट काय कप्पाळ सुकवणार. प्रश्न बरोबर आहे, आणि डीह्युमिडिफायरचं खरं काम इथूनच सुरू होतं. बाहेरची २० डिग्रीची ओलीचिंब हवासुद्धा घनमीटरला १७ ग्रॅमच पाणी धरते, तुमच्या वाफाळलेल्या बाथरूममध्ये ३० असतं, म्हणजे एक्झॉस्टने वाफ नक्की जाते. पण ती बाहेरची हवा घरात येऊन दोन-तीन डिग्री तापली तरी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपासच राहते, त्यात भिंत पूर्ण वाळत नाही आणि बुरशीला तेवढं पुरतं. हे आपल्या पश्चिमेच्या पट्ट्याचं दुखणं आहे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि तिकडे माण-खटावला पाचशेच्या आसपास, तिकडच्या म्हसवडच्या माणसाने हा प्रश्न विचारला असता तर मी वायपरवरच थांबलो असतो.

तुम्हाला मात्र मशीन लागेल. तर कॉम्प्रेसरवालं घ्या, लेबलवर दिवसाला १० ते १२ लिटर लिहिलेलं असतं तेवढं. हे म्हणजे उघडा टाकलेला फ्रीजच समजा, गार कॉइलवरून हवा जाते, पाणी गळतं, तीच हवा गरम कॉइलवरून थोडी तापून खोलीत परत येते. ते १२ लिटरही ३०/८० वरचंच असतं, तुमच्याकडे २० डिग्रीला निम्म्यावर येईल, कधी त्याहून कमी. म्हणून विक्रेत्याला एकच विचारायचं, २० डिग्री ६० टक्क्याला किती काढतं? माहितीपत्रकात तो आकडा असेल तर कंपनी त्यातल्या त्यात सरळ समजा. ऑटो डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ आपोआप वितळवायची सोय, पाहिजेच, १५-१६ डिग्रीच्या खाली कॉइलवर बर्फ धरायला लागतो. तुमच्याकडे एवढी थंडी पडते ती डिसेंबरात, तेव्हा हवा कोरडीच असते त्यामुळे मशीन तसंही बंदच राहील. डेसिकंट नावाचा, ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा अजून एक प्रकार आहे, थंडीत चांगला चालतो पण वीज जास्त खातो आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, सोडून द्या.

आणि आता महत्त्वाचं. मशीन बाथरूमसाठी घ्या पण बाथरूममध्ये ठेवू नका. ही घरगुती मशीनं पाणी उडेल अशा जागेसाठी बनवलेलीच नसतात, वर ओल्या फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड ओढून लोक लावतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. बाथरूमच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवा, प्लग तिथल्याच पक्क्या थ्री-पिन सॉकेटला. अंघोळ झाली, वायपर मारला, एक्झॉस्टने वाफ गेली की एक्झॉस्ट बंद, बाथरूमचं दार सताड उघडं, पॅसेजच्या खिडक्या बंद आणि मग मशीन चालू. एक्झॉस्ट आणि मशीन एकत्र चालवलं तर मशीन अख्ख्या जावळी तालुक्याची हवा सुकवत बसेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या, अर्थिंगही तपासा, गिझर असलेल्या घराला ते तसंही पाहिजेच.

घेताना अजून दोन गोष्टी बघा ज्या जाहिरातीत कोणी सांगत नाही. एक म्हणजे वीज जाऊन आली की मशीन आपोआप चालू होतं का. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते मी काय सांगू, टच बटणवाली काही मशीनं लाईट आल्यावर तशीच गपगार बसून राहतात आणि तुम्ही संध्याकाळी घरी येऊन बघता तर टाकी कोरडी. दुसरं म्हणजे मागे पाइप लावायची सोय. टाकी दोन-अडीच लिटरचीच असते, भरली की मशीन थांबतं, त्यापेक्षा पाइप लावून थेट बाथरूमच्या जाळीत सोडा, फक्त पाइप सगळीकडे उतरता पाहिजे, मध्ये उंबऱ्यावर चढला की पाणी अडून राहतं. मशीन स्टुलावर ठेवलं की हे भागतं, स्टूल मात्र डुगडुगणारं नको.

कुरिअरने मागवलं तर खोकं घाटातून आडवं पडून आलेलं असण्याची शक्यता दाट. उघडलं की लगेच चालू करू नका, रात्रभर उभं ठेवा, कॉम्प्रेसरचं ऑइल जागेवर बसू द्या.

विजेचं म्हणाल तर असं मशीन २०० ते २५० वॅट घेतं, रोज आठ तास म्हणजे जास्तीत जास्त २ युनिट, महिन्याला ६०. बिलात १०० युनिटचा स्लॅब ओलांडला की दर चढतो, त्यामुळे दिवसभर लावून ठेवू नका. तीन-चारशे रुपयांचा एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर, बाथरूमबाहेर पॅसेजच्या भिंतीला टांगा आणि आकडा ५५-६० ला आला की बंद. ५० च्या खाली न्यायची गरज नाही, लाकडी दारं आकसतील. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, टॉवेलची लव त्यात जाम अडकते.

बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं नाही. दिसतं स्वच्छ पण कॉइलची धूळ, धातू सगळं त्यात उतरतं. फरशी पुसा, संडासात ओता.

छतावरचे काळे ठिपके मशीनने जाणार नाहीत, ते वेगळे काढावे लागतात. कोरडं घासू नका, बुरशी उडून नाकात जाते. पाण्यात ब्लीच मिसळून कपड्याने पुसा, तोंडाला रुमाल, एक्झॉस्ट चालू, आणि त्याच दिवशी टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड अजिबात वापरू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन गॅस होतो.

पैसे घालायच्या आधी मात्र एक तपासणी करा. टाइल्सच्या वर जिथे रंग आहे तिथली जागा पुसून कोरडी करा आणि किचनमधल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला पाणी असेल तर ते वाफेचं, वर सांगितलेलं सगळं तुम्हाला लागू. आतल्या बाजूला, भिंतीकडून ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय, वरच्या स्लॅबवरून किंवा पाण्याच्या टाकीच्या पाइपमधून किंवा पश्चिमेच्या भिंतीतून, आणि मग १५-२० हजारांचं मशीन घेऊन काहीच होणार नाही. ते पैसे राखून ठेवा, दिवाळीनंतर भिंती वाळल्या की चांगला गवंडी बघून वॉटरप्रूफिंग करून घ्या, भर पावसात कोणी करतो म्हणाला तरी करून घेऊ नका.