नागपूरहून पातालकोटला दोन दिवसांत कसं जावं?

पातालकोट म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातली, सातपुड्याच्या कुशीतली घोड्याच्या नालेसारखी खोल दरी. तळात भारिया आणि गोंड लोकांची गावं, मधून दुधी नदी. सावनेर-सौंसरमार्गे छिंदवाडा साधारण 125 किमी, पुढे परासियामार्गे दरीजवळचं तामिया 55 च्या आसपास. पेट्रोल छिंदवाड्यात किंवा परासियात पूर्ण भरा, रोख पैसेही तिथेच काढा.

मुक्काम तामियात करा. त्याच दिवशी दरीत उतरून परत नागपूर गाठायचा हट्ट बहुतेकांना अंगाशी येतो. कड्यांमुळे दरीत ऊन लवकर सरतं आणि चढायला उतरण्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी छिंदी गावावरून, जिथून दरीत उतरतात त्या रातेडच्या बाजूला जा, माणशी 3 लिटर पाणी घ्या, गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या, मजुरी आधीच ठरवा. मोबाईलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. भर पावसात पायवाटा निसरड्या, धुक्यात समोरचं दिसत नाही.

कळकळीची विनंती: औषधी झाडपाला उपटू नका, न विचारता कुणाचे फोटो काढू नका.