शाखांची फेररचना करताना
तीन सहायक व्यवस्थापकांऐवजी दोनच ठेवणार असाल, तर दुकानाची किल्ली, रोकड मोजणी आणि मालाची आवक यांची जबाबदारी प्रत्येक पाळीत नेमकी कोणाकडे राहील, हे आधी लेखी ठरवा. माझ्या पहिल्या फेररचनेत हेच राहून गेले आणि रात्रीचा हिशेब महिनाभर जुळला नाही. लातूरच्या शाखेचा पाळीतक्ता पुण्याच्या नमुन्यावर बेतू नका, कारण इथे सोयाबीनचा पैसा हातात आला की दसरा-दिवाळीला गर्दी उसळते आणि वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणाला मात्र निम्मे शहर शेतात असते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिलेली साप्ताहिक सुटी गर्दीतही कापू नका. काउंटरवरच्या जुन्या माणसांना बदल सूचनाफलकावरून कळू देऊ नका, समोर बसवून सांगा.